तीस तासांची ड्यूटी आणि ‘थोडं मेडिटेशन करत जा’

पासबुक | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक पाककृतींच्या धाग्यांवरच असते, त्यामुळे विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी लेक मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यांच्या भाषेत जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट, निवासी डॉक्टर. हॉस्टेलवर राहते, पंधरा दिवसांतून कधीतरी नौपाड्याला घरी येते. आज दुपारी तीनला तिचा फोन, ‘आई, मी बदलापूरला आहे.’ म्हटलं, बदलापूरला आपलं कोण? कोणीच नाही. दादरला बदलापूर फास्टमध्ये चक्क बसायला जागा मिळाली आणि ठाणं कधी आलं नि गेलं तिला कळलंच नाही. शेवटच्या स्टेशनला एका बाईंनी हलवून उठवलं, ‘उतरायचंय का गं, गाडी परत चाललीय.’

घरी आली ती चपलांच्या कपाटावर बसली. एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात तशीच धरून झोपली. मी वरणाला फोडणी देऊन बाहेर येते तर ही भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं. शनिवारी सकाळी आठला इमर्जन्सीची ड्यूटी सुरू झाली होती, ती रविवारी दुपारी सुटली. त्यात झोप किती, तर पहाटे साडेचार ते सव्वापाच, ईसीजीच्या खोलीतल्या टेबलावर.

एप्रन धुवायला टाकण्याआधी खिसे रिकामे केले. रक्त काढताना दंडाला बांधायचा रबरी पट्टा (टूर्निके), ईसीजीच्या दोन चिकट्या, पारले-जीचा रिकामा पुडा आणि चार घड्या घातलेला पेशंटच्या यादीचा कागद. प्रत्येक बेडपुढे छोटे छोटे चौकोन, काम झालं की त्यावर काट. बेड १४ पुढे लिहिलं होतं ‘पोटॅशियम परत’, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम परत तपासायचं. त्या चौकोनावर काट नव्हती. मी तो कागद घेऊन दहा मिनिटं उभी होते. उठवू का नको? बँकेत एकतीस वर्षं काढली, टॅली न झालेली एंट्री दिसली की मला चैन पडत नाही. शेवटी उठवलं. डोळे न उघडताच म्हणाली, ‘सांगून आलेय गं.’ आणि परत झोपली.

आता मूळ मुद्दा. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान झालं. हजेरी सक्तीची. वेळ दुपारी दोनची, म्हणजे हिच्या युनिटची इमर्जन्सी संपल्यानंतरची. पाहुण्यांनी सांगितलं, रोज वीस मिनिटं ध्यान करा, कृतज्ञतेची वही लिहा, सात तास झोपा. सात तास झोपा म्हटल्यावर मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि त्याला उभं केलं म्हणे.

तिच्या मैत्रिणीने मला काही अभ्यास पाठवले. त्यातली वैद्यकीय भाषा निम्मी डोक्यावरून गेली, पण आकडे वाचता येतात. अमेरिकेत श्रीजन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४० इंटर्नना (तिकडचे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर) कामावर रुजू होण्याआधी एक प्रश्नावली भरायला दिली आणि मग वर्षभर दर तीन महिन्यांनी तीच. निकाल २०१० साली छापून आला. रुजू होण्याआधी नैराश्याच्या रेषेपलीकडे ३.९ टक्के होते, वर्षभरात सरासरी २५.७ टक्के. मुलं तीच! म्हणजे ‘हल्लीची पोरं मुळातच नाजूक’ म्हणायची सोय राहिली नाही. वाढ कशाशी जोडलेली निघाली? इतर गोष्टींबरोबर कामाचे तास, आणि आपल्या हातून चूक झाली ही टोचणी.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या ३१.२ टक्के मुलांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात येऊन गेले. हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

कृतिगटाची शिफारस आहे आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, एक दिवस सुट्टी हवी. १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत सलग ड्यूटी साधारण १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं लिहिलेलं आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांत तर आकडाच नाही, ‘वाजवी तास’ एवढंच आहे. वाजवी! आमच्या बँकेत कोणी ‘वाजवी रक्कम तिजोरीत ठेवावी’ असं परिपत्रक काढलं असतं तर ऑडिटरने ते फ्रेम करून लावलं असतं.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांकडे. व्हाउचर एकाने करायचं, पास दुसऱ्याने. जोखमीच्या टेबलावरच्या माणसाला अधूनमधून सक्तीने रजेवर पाठवायचं. हे सगळं आम्ही चोर होतो म्हणून नव्हे, तर माणूस दमतो आणि दमला की चुकतो हे बँकेने गृहीत धरलेलं होतं म्हणून. चुका झाल्या तर आमचे पैसे जायचे. इथे जीव जातो, आणि इन्शुलिनच्या पंपापाशी तीस तास जागी असलेली सव्वीस वर्षांची पोर एकटी.

माझे दोन प्रश्न आहेत. ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी घरी काय केलं? आणि इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी सांगावं की हे खरंच असंच चालायला लागतं का?

---

वागळे_सर्कल | रविवार, रात्री ११.१५

ताई, लेकीला झोपू दे. वरण गरम करून देता येईल.

---

जुना_कामगार | सोमवार, सकाळी ६.४०

आम्हीही डबल शिफ्ट मारल्या आहेत. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं काम केलं. तेव्हा नैराश्य वगैरे शब्द नव्हते. डॉक्टर व्हायचं तर कष्ट पडणारच, लष्करात जवान तक्रार करतो का? आजकाल कौतुक फार.

---

घोडबंदरचा_खड्डा | सोमवार, सकाळी ९.०५

माजिवड्याच्या सिग्नलला चाळीस मिनिटं उभा आहे म्हणून टंकतोय (गाडी दुसरा चालवतोय).

१९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा छोटासा प्रयोग आला होता. माणसाला जागं ठेवायचं आणि हात-डोळ्यांच्या ताळमेळाची परीक्षा घ्यायची. नंतर त्याच माणसांना दारू पाजून तीच परीक्षा. १७ तास जागरणानंतरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी, २४ तासांनंतरची साधारण ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे एकतीस डिसेंबरला तीन हात नाक्यावर पोलीस ज्याला बाजूला घेतील, त्याच्या तिप्पट ‘चढलेल्या’ अवस्थेतला माणूस आपल्या आईला सलाइन लावतोय. फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही.

---

बीपी_चेक | सोमवार, दुपारी ३.३०

दुपारची ओपीडी संपली, आता नीट लिहितो. घोडबंदर रोडला फिजिशियन म्हणून अठ्ठावीस वर्षं झाली. त्याआधी मीही ईसीजीच्या टेबलावर झोपलेलो आहे. ते टेबल अरुंद असतं, कूस बदलली की माणूस खाली पडतो, हे ताईंच्या लेकीला विचारा.

आधी एक मजेदार गोष्ट. निवासी डॉक्टर म्हणजे रुग्णालयातच राहणारा, अहोरात्र हजर असणारा, ही पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला बसली. १८८९ साली ते रुग्णालय उघडलं. शस्त्रक्रियेची बाजू घडवणारा माणूस विल्यम हॉल्स्टेड. अफाट बुद्धीचा सर्जन, आणि त्याला कोकेनचं व्यसन होतं. भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता लागलं, पुढे मॉर्फीनही आलं. न झोपणाऱ्या डॉक्टरची परंपरा आपण कोणाकडून उचलली, याचा विचार करून मला अजून हसू येतं. फार वेळ येत नाही.

पण दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी आहे.

मधुमेही केटोॲसिडोसिसचा पेशंट पहाटे चारला येतो. रक्त आम्लधर्मी झालेलं, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला गोडसर वास. तुम्ही इन्शुलिन चालू करता. साखर उतरते ते सगळ्यांना दिसतं. पण इन्शुलिनबरोबर पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं आणि रक्तातलं घसरायला लागतं. दर दोन-चार तासांनी मोजलं नाही तर साखर झकास आणि हृदयाची लय बिघडलेली, असा प्रकार होतो. (बेड १४ तसलाच असणार, माझी पैज.) हे मी पुस्तकात चार वेळा वाचलं होतं. समजलं ते एका पेशंटपाशी पहाटे चारपासून संध्याकाळपर्यंत बसून. आठ तासांनी घरी गेलो असतो तर अर्धंच पाहिलं असतं.

शिवाय तास कमी केले की पाळ्या वाढतात, पाळ्या वाढल्या की ‘सांगून आलेय’ वाढतं, आणि निरोपातच गोष्टी गळतात. अमेरिकेत ११७ शल्यचिकित्सा प्रशिक्षण केंद्रांवर मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये आली. निम्म्या ठिकाणी सलग तासांची बंधनं सैल केली, निम्म्या ठिकाणी कडक ठेवली. रुग्णांच्या निकालात फरक नाही. निवासी डॉक्टरांच्या एकंदर समाधानातही नाही. तेव्हा ‘तास कमी करा, सगळं ठीक होईल’ इतकं सोपं ते नाही.

---

सरासरी_माणूस | सोमवार, संध्याकाळी ७.२०

डॉक्टरसाहेब, एक गोष्ट राहिली. त्या चाचणीत दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा लागू होतीच. सलग किती, एवढाच वाद होता. ताईंच्या लेकीचे आठवड्याचे तास मोजा आणि मग ती चाचणी तिला लावा. ११० विरुद्ध ७४ अशी चाचणी कोणी केलेली नाही, करूही देणार नाहीत.

आणि उलट निकालही आहे. २००४ मध्ये लँड्रिगन आणि मंडळींनी बोस्टनच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या इंटर्नची २४ तासांवरची सलग पाळी मोडून लहान पाळ्या केल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३५.९ टक्के जास्त होत्या.

आता पासबुकताईंना चिमटा. तुमचे दोन आकडे एकाच पिशवीत घालू नका. सेन यांच्या अभ्यासातली प्रश्नावली नऊ प्रश्नांची, चाळणी लावण्यासाठी असते. १० किंवा जास्त गुण म्हणजे ‘पुढे तपासा’, निदान नव्हे. आणि आयोगाची पाहणी ऑनलाइन, ज्याला भरावीशी वाटली त्याने भरली. ज्याला त्रास आहे तो जास्त उत्सुकतेने भरेल. किंवा उलट, ज्याला सगळ्यात जास्त त्रास आहे त्याला फॉर्म उघडायचीही ताकद नसेल. ३१.२ हा आकडा खालीही सरकू शकतो, वरही. सेन यांच्या आकड्याला ही शंका तेवढी लागत नाही, कारण तिथे तुलना त्याच मुलांची त्यांच्याच आधीच्या स्थितीशी आहे. भांडायचं असेल तर तो घेऊन भांडा.

---

पासबुक | सोमवार, रात्री ९.४५

सरासरी_माणूस, चिमटा मान्य. शेरा नोंदवून घेतला.

डॉक्टर, पैज जिंकलात. बेड १४ केटोॲसिडोसिसच होता. पण तुम्ही एकट्या पेशंटपाशी बसला होतात. हिच्याकडे त्या रात्री बेचाळीस पेशंट आणि जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. रक्त काढायचं, नळ्या स्वतः लॅबमध्ये न्यायच्या (वॉर्डातले मदतनीस मामा दुसऱ्या मजल्यावर गेलेले), रिपोर्ट आणायचा, सोनोग्राफीची तारीख मागायला हात जोडायचे. तीस तासांपैकी तुम्ही म्हणता तसं शिक्षण किती आणि हमाली किती, याचा जमाखर्च कोणी मांडलाय का?

---

बीपी_चेक | सोमवार, रात्री १०.१०

इथे मी गप्प.

---

नेरुळची_सिस्टर | मंगळवार, पहाटे ५.५०

नाइट संपत आलीय. वाचत होते, राहवलं नाही.

डॉक्टरांच्या थकव्यावर सगळे बोलतात, ती चूक पकडतं कोण? मागच्या एका नोकरीतली गोष्ट (कुठली ते विचारू नका). पहाटे चार-साडेचारची वेळ. एका रेसिडेंटने कागदावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलं, ॲम्प्यूल थेट शिरेतून, ताबडतोब. सलाइनमध्ये मिसळून, हळू, हे लिहायचं राहिलं. ते थेट गेलं असतं तर हृदय जागच्या जागी थांबलं असतं. मी कागद त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, ‘सर, परत एकदा वाचता का?’ त्याने वाचलं. मग परत वाचलं. मग खुर्चीत बसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी त्याला चहा दिला, त्याने तो प्यायला नाही, पण कप सोडलाही नाही, सकाळचा राउंड सुरू होईपर्यंत.

तो हुशार मुलगा होता. अक्षर महिनाभरात बदललं होतं, आम्हा सिस्टरांना ते आधी कळतं. आधी अक्षर जातं, मग जेवणाचा डबा तसाच राहायला लागतो, मग माणूस चिडेनासा होतो. चिडतोय तोवर ठीक असतं हो.

२००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेलं एक काम आमच्या शिकवणीत होतं. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांतले १२३ रेसिडेंट. ज्यांना नैराश्य होतं त्यांच्याकडून औषधांच्या चुका इतरांच्या ६.२ पट. आणि गंमत म्हणजे, नुसते ‘बर्नआउट’वाले, म्हणजे काम नकोसं झालेले, त्यांच्या चुका वाढलेल्या नव्हत्या. म्हणून सगळ्याला एकच ‘स्ट्रेस’ म्हणून गुंडाळू नका. कंटाळलेला माणूस वेगळा आणि आतून विझत चाललेला वेगळा.

डॉक्टरांनी निरोपाचं लिहिलंय त्याला उपाय आहे. आम्ही पाळी बदलताना बेडपाशी उभं राहून एकेक पेशंट सोपवतो, ठरलेल्या क्रमाने. डॉक्टरांसाठीही नऊ रुग्णालयांत असा साचा बसवून पाहिला, २०१४ मध्ये निकाल आला, चुका २३ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे जिन्यात भेटून ‘सात नंबर बघ हं’ एवढ्यावर चालतं.

आणि ताई, आमच्या पाळ्या कागदावर आठ तासांच्या आहेत. कागदावर. त्याचा वेगळा धागा काढीन कधीतरी.

---

ऐरोली_ब्रिज | मंगळवार, सकाळी ११.३०

व्याख्यानाचा किस्सा वाचून हसलो, कारण आमच्या कंपनीतही हेच. ऐरोलीत आयटीत आहे, रात्री अमेरिकेच्या वेळेला कॉल. मागच्या वर्षी सगळ्यांना एक ॲप दिलं, श्वास मोजणारं. सलग तीस दिवस श्वास घेतल्यास (!) बॅज. माझ्या बाजूच्या टेबलावरचा पोरगा मीटिंग चालू असताना मोबाइल पोटावर ठेवून बॅज मिळवायचा. कॉलची वेळ मात्र एक मिनिटही हलली नाही.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचं २०२४ चं काम बघा. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. ॲप, माइंडफुलनेस (चालू क्षणावर लक्ष ठेवायचं ध्यान), ताण व्यवस्थापनाचे वर्ग, यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. स्वयंसेवी कामाला वेळ दिला जात होता तिथे थोडा बरा आकडा, बस. अर्थात ही एकाच वेळी काढलेली पाहणी आहे. सरासरी_माणूस यायच्या आत मीच सांगतो. डॉक्टरांच्या बाबतीत २०१७ चा एक एकत्रित आढावा आहे, त्यातही व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलण्याचे उपाय जास्त लागू पडले होते.

मेडिटेशनला माझा विरोध नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत चिंतेच्या आजाराच्या २७६ रुग्णांवर चाचणी झाली, आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस वर्ग चिंतेवरच्या एस्सिटॅलोप्रॅम गोळीच्या तोडीस तोड निघाला. पण ते रुग्ण होते, रोज पाऊण तास घरी सराव करायला त्यांना वेळ होता, शिकवणारा समोर होता. तापाची गोळी तापाला चालते. घराला आग लागली म्हणून ताप मोजत बसायचं नसतं.

---

मिसळ_नको_म्हणू | मंगळवार, दुपारी १.०५

अवांतर: लेक घरी आली की तिला मामलेदारची तिखट मिसळ खायला घाला, सगळा ताण डोळ्यांतून वाहून जाईल.

---

वागळे_सर्कल | मंगळवार, दुपारी १.१२

तिखट नको, मध्यम. रात्रभर उपाशी पोट असतं त्यांचं.

---

संपादक | मंगळवार, दुपारी १.४०

मिसळीसाठी आधीचे अकरा धागे आहेत, तिथे जावे.

धाग्याचा विषय पाहता एक नोंद वर चिकटवत आहोत: स्वतःला किंवा घरातल्या कोणाला जीव नकोसा वाटत असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

---

निनावी_जेआर | मंगळवार, रात्री ११.५५

हे नवीन खातं आजच उघडलंय, मूळ खात्यावरून लिहायची हिंमत नाही.

काकू, मी तुमच्या लेकीसारखाच, दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझं बिनसलं. सकाळी साडेपाचला गजर व्हायचा आणि मी बूट घालून कॉटवर बसून राहायचो, उठून दारापर्यंत जायला वीस मिनिटं लागायची. रडू वगैरे येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मानसोपचार विभाग. पण तिथली रेसिडेंट माझ्या बॅचची, केसपेपर काढणारे मामा ओळखीचे, औषधाच्या खिडकीवर सगळे ओळखीचे. दिवसाला दहा पेशंटना मी स्वतः ‘सायकिॲट्री रेफरन्स’ लिहितो, न लाजता. स्वतःसाठी लिहायला पाच महिने लागले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, मी तो परीक्षेसाठी पाठही केलाय. जिन्यात भेटणाऱ्या सीनियरला कायदा कोण सांगणार?

शेवटी ठाण्याला आलो. मजा बघा, लहानपणी आमच्याकडे कोणी वेड्यासारखं वागलं की मोठी माणसं म्हणायची, ‘ह्याला ठाण्याला पाठवा.’ १९०१ पासूनचं मनोरुग्णालय, त्याचा दरारा एवढा. मी स्वतःच तिकीट काढून आलो. रुग्णालयात नाही, एका खासगी डॉक्टरांकडे, पण स्टेशनवर उतरताना ते वाक्य आठवलंच. गोळी चालू झाली, पाच-सहा आठवड्यांनी दारापर्यंतची वीस मिनिटं कमी झाली. सध्या दोन मिनिटं लागतात, त्यातलं एक मोजा शोधण्यात जातं.

काकू, तुम्ही त्या कागदावरचा चौकोन बघून तिला उठवलंत ना, ते वाचून मला कसंतरीच झालं. चांगलं का वाईट ते कळलं नाही. आम्हाला रात्री स्वप्नात तेच चौकोन दिसतात.

---

जुना_कामगार | बुधवार, सकाळी ६.३०

निनावी बाळा, काळजी घे रे. जेवत जा.

कालपासून डोक्यात एक घोळतंय, लिहूनच टाकतो. आमच्या कंपनीत थर्ड शिफ्टला प्रेसवर एकाची दोन बोटं गेली. डबल करत होता, बदली आला नव्हता. चौकशीत लिहिलं ‘कामगाराचा हलगर्जीपणा’. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. नैराश्य शब्द नव्हता म्हटलं मी, पण तो माणूस नंतर कोणाशी बोलायचा नाही, जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी एकटा बसायचा. शब्द नव्हता एवढंच.

---

तलावपाळी | बुधवार, दुपारी ४.१५

मी डॉक्टर नाही, शाळेतून निवृत्त झाल्यावर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं. ठाणेकरांना या बाबतीत निमित्त शोधावं लागत नाही, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था इथेच सुरू केली, तेव्हापासून ‘मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो’ असं मोठ्याने म्हणणारी माणसं राम मारुती रोडवरही भेटतात.

पासबुक, तुमच्या पहिल्या प्रश्नाला अजून कोणी हातच लावला नाही, सगळे आकड्यांत रमले.

गोव्यात एक फार छान काम झालंय. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचं, २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे मध्यमपेक्षा जास्त ते तीव्र नैराश्याचे रुग्ण. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी. भूतकाळ खोदायचा नाही. माणसाने काय काय करणं सोडलंय ते शोधायचं आणि त्यातलं एखादं बारीकसं परत सुरू करायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्याबाहेर आले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९.

याचा अर्थ आईने समुपदेशक व्हावं असा नाही. कृपा करून होऊ नका! पण लेकीने काय सोडलंय ते तुम्हाला दिसतं, इतरांना नाही. गाणं ऐकायची? कोणा मैत्रिणीशी बोलायची? त्यातलं एक, दहा मिनिटांचं, तिच्या झोपेनंतर. झोप आधी. ‘सोडून दे’ म्हणू नका आणि ‘थोडे दिवस सोस’ही म्हणू नका, दोन्ही वाक्यं तिने स्वतःला शंभरदा म्हटलेली आहेत. आणि सरळ विचारा, ‘जगणं नको असं वाटतं का कधी?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती निराधार आहे. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

सिस्टरांची यादी मी लिहून घेतली. अक्षर, डबा, चिडणं. तीस तासांच्या प्रशिक्षणात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

---

पासबुक | बुधवार, रात्री १०.३०

विचारलं. फोनवर नाही विचारता येत म्हणून आज स्वतः गेले, हॉस्टेलच्या खाली कट्ट्यावर बसलो. ती म्हणाली, नाही. मग थोडं थांबून म्हणाली, ‘नको नाही, पण कधीकधी वाटतं मला डेंगी व्हावा. आठ दिवस ॲडमिट.’ मी हसले नाही, तीच हसली.

चिडते अजून. माझ्यावरही चिडली, मेथीचे पराठे का आणलेस, तेल एप्रनला लागतं म्हणून. सिस्टर, हे चांगलं ना?

---

नेरुळची_सिस्टर | गुरुवार, सकाळी ७.१०

उत्तम लक्षण. पुढच्या वेळी कोरड्या चपात्या न्या.

---

बीपी_चेक | गुरुवार, दुपारी ३.४५

निनावी, माझ्या बॅचला एक जण होता, बूट घालून बसून राहणारा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. तिसऱ्या वर्षी सोडून गेला, नंतर त्याने काय केलं मला माहीत नाही, मी शोधलंही नाही. काल रात्री शोधायचा प्रयत्न केला.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सोमवारी लांबलचक दिलं होतं. आज विचारलंत तर छोटं देईन: पेशंटपाशी बसणं लागतं, नळ्या घेऊन जिने चढणं लागत नाही.

---

पासबुक | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५.२०

बऱ्याच जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

तास तेवढेच आहेत. पण हिच्या युनिटमधल्या तिघांनी मिळून एक केलंय, सिस्टरांचा प्रतिसाद मी छापून दिला होता. इमर्जन्सी संपली की जिन्यात नाही, बेडपाशी उभं राहून सोपवायचं, दोघांनी कागदावर सही करायची. दोन सह्या! मी काही बोलले नाही, पण आतून फार बरं वाटलं. पंचवीस मिनिटं जास्त जातात म्हणून तिसरा कुरकुरतो. मॅडमना अजून सांगितलेलं नाही, त्या काय म्हणतील कोण जाणे.

आज दोन वाजता आली. बदलापूर गाडी सोडून ठाणे लोकल पकडली, गाडी पुढे जातच नाही म्हणाली, झोपले तरी ठाण्यातच. दोन्ही बूट काढून मग झोपली. मी दाराच्या बेलची वायर काढून ठेवलीय. कुरिअरवाला येऊन गेला असेल तर शेजारी विचारीन.